वाचकांचे प्रश्न : लहान रीफ टाकीत कोणाला जागा द्यावी?

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी, म्हणजे प्रवाळखडकांवरचे जीव ठेवण्याच्या रीफ टाकीविषयी, गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न सतत डोकावतो. टाकी तयार झाली, पाणी स्थिर झाले, आता तिच्यात कोणते जीव सोडावेत? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सर्व पत्रे मुंबई आणि आसपासची असल्यामुळे इथली हवा, इथले पाणी आणि इथला बाजार लक्षात घेऊनच उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि त्याच्या हट्टापायी आम्ही दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी खाऱ्या पाण्यासाठी तयार केली आहे. सहा आठवडे झाले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात. मुलाने यादी केली आहे : दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन आणि क्लाउनफिशसाठी एक समुद्रफूल. दुकानदार म्हणतात की मासे लहान आहेत, सगळे मावतील. आपले मत कळवावे. – एक वाचक, दादर

उत्तर : सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत थांबणे सोपे नसते, आणि आपण व आपला मुलगा थांबलात, ही सर्वांत कठीण पायरी होती. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू आता दगडांवर आणि वाळूत स्थिरावले आहेत. मात्र त्यांची संख्या आज टाकीत जेवढी घाण तयार होते तेवढीच आहे, आणि चार मासे एका दिवशी सोडले तर ती अपुरी पडते. त्यामुळे कोणते मासे घ्यायचे याइतकेच ते कोणत्या क्रमाने घ्यायचे हेही महत्त्वाचे आहे.

प्रथम टाकीचा खरा आकार पाहू. आपल्या मापांनुसार काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १२७ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की माशांच्या वाट्याला ९५ ते १०० लिटर येतात. एवढ्या पाण्यात लहान अंगाचे, शांत स्वभावाचे तीन ते चार मासे सुखाने राहतात. याहून अधिक मासे ठेवलेल्या टाक्या दिसतात, पण त्या टाक्यांमागे मोठे स्किमर (पाण्यातील घाण फेसातून बाहेर काढणारे यंत्र), रोजची देखभाल आणि अनेक वर्षांचा सराव असतो.

ब्लू टँग यादीतून काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पण पूर्ण वाढला की त्याची लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि निसर्गात हा मासा दिवसभर प्रवाळखडकांवरून लांब अंतरे पोहत असतो. त्याला निदान सहा फुटांची टाकी लागते. टाकी लहान असली की मासाही लहान राहतो हा समज चुकीचा आहे. मासा वाढायचे थांबत नाही, तो ताणाखाली वाढतो, आणि टँग जातीचे मासे ताण आला की क्रिप्टोकॅरिऑन या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला सर्वांत आधी बळी पडतात. हिंदी महासागरातील पावडर ब्लू टँगही इथल्या दुकानांत वारंवार दिसतो. त्यालाही हेच लागू आहे, किंबहुना तो अधिक नाजूक आहे.

मँडरिनची अडचण वेगळी आहे. तो लहान आहे, शांत आहे, कोणाला त्रास देत नाही, आणि त्याच्या अंगावरची निळी-नारिंगी नक्षी पाहून कोणीही थबकेल. पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो. सहा आठवड्यांच्या टाकीत असे जीव मुळातच थोडे असतात, आणि एक मँडरिन ते थोड्याच आठवड्यांत संपवतो. पुढे तो खाद्याच्या गोळ्यांकडे पाहतही नाही आणि आपल्या डोळ्यांदेखत खंगत जातो. दगडांनी भरलेली, निदान वर्षभर जुनी, मोठी टाकी असल्याशिवाय त्याचा विचार करू नये.

समुद्रफुलाबाबत (म्हणजे ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा पण डंख करणारा प्राणी) मुलाची निराशा होईल, पण त्याला हे जरूर सांगावे : क्लाउनफिशला समुद्रात समुद्रफुलाची गरज भक्षकांपासून संरक्षणासाठी असते, आणि घरच्या टाकीत भक्षकच नसतात. समुद्रफुलाशिवाय क्लाउनफिश वर्षानुवर्षे निरोगी राहतात आणि अंडीही घालतात. उलट समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि महिनोन्महिने न बदलणारे पाणी लागते. जागा पसंत पडली नाही की ते चालू लागते, चालताना वाटेतल्या प्रवाळांना डंख करते, आणि पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पॉवरहेड पंपाच्या जाळीत ओढले गेले तर एका रात्रीत संपूर्ण टाकी विषारी करते. वर्षभर टाकी स्थिर राहिली तर तेव्हा पाहावे.

आता कोणाला घ्यावे ते सांगतो. क्लाउनफिशची जोडी जरूर घ्यावी, आणि ती ऑसेलारिस जातीची घ्यावी. मरून क्लाउनफिश दिसायला भारदस्त असतो, पण लहान टाकीत तो इतरांना जगू देत नाही. दोन पिल्ले आकाराने थोडी लहान-मोठी निवडावीत. क्लाउनफिशची सर्व पिल्ले आधी नर असतात; जोडीतील मोठे आणि वरचढ ठरणारे पिल्लू पुढे मादी होते आणि धाकटे नर राहते, त्यामुळे जोडी जमवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. तीन मात्र ठेवू नयेत; तिसऱ्याला इतर दोघे कोपऱ्यात दाबून ठेवतात.

जोडीसोबत एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासाठी एक पिस्तूल कोळंबी घ्यावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. ही कोळंबी वाळूत बीळ खणते, पण तिची दृष्टी फार अधू असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते, आणि गोबीने शेपूट हलवली की दोघेही क्षणात आत जातात. बदल्यात गोबीला राहायला घर मिळते. नववीतल्या मुलाने ब्लू टँग तीन फेऱ्या मारताना पाहण्यापेक्षा हे सहजीवन रोज पाहणे अधिक समृद्ध आहे, असे मला मनापासून वाटते. दोन ते तीन इंच जाड वाळूचा थर मात्र हवा, आणि दगड वाळूवर न ठेवता टाकीच्या तळावर टेकवून मग वाळू भरलेली असावी. नाहीतर कोळंबी खालची वाळू काढते आणि दगड कोसळतात. आपले दगड वाळूवरच असतील तर मासे आणण्यापूर्वी ते काढून पुन्हा रचावेत.

चौथी जागा फायरफिशला द्यावी. पुढून पांढरट, मागे पेटल्यासारखा लाल, पाठीवर उंच काडीसारखा पंख असलेला हा मासा कोणाशी भांडत नाही, पण घाबरला की उडी मारतो. टाकीवर बारीक जाळीचे झाकण नसेल तर तो जमिनीवर सापडेल, म्हणून जाळी आधी बसवावी आणि मासा नंतर आणावा. फायरफिश एकच ठेवावा. न जुळलेले दोन एकमेकांना मारतात.

क्रम असा ठेवावा : सर्वांत भित्रा आधी, सर्वांत धीट शेवटी. म्हणजे आधी फायरफिश, मग गोबी आणि कोळंबी, शेवटी क्लाउनफिशची जोडी. बहुतेक जण उलट करतात, कारण क्लाउनफिश सर्वांत काटक आणि सर्वांना आवडणारा. पण महिनाभर टाकीवर हक्क गाजवलेली क्लाउनफिशची जोडी नव्या फायरफिशला दगडामागून बाहेर येऊ देत नाही. प्रत्येक आगमनात निदान दोन ते तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे जीवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ मिळतो.

दुकानात मासा निवडताना पैसे देण्यापूर्वी तो खातो का ते समोर दाखवायला सांगावे. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात असो की उपनगरातल्या दुकानात, चांगला विक्रेता या विनंतीला नकार देत नाही. पोट आत गेलेले, डोळे धुरकट झालेले, कल्ले भराभर हलवणारे मासे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. मासा कुठून आला हेही विचारावे. आग्नेय आशियातील काही भागांत आजही सायनाइड फवारून, गुंगी आणून मासे पकडले जातात. असे मासे दिसायला ठणठणीत असतात आणि काही आठवड्यांत विनाकारण मरतात. म्हणून शक्य तेथे टाकीत पैदास झालेला मासा घ्यावा. क्लाउनफिशच्या बाबतीत हे सहज शक्य आहे : केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास भारतात यशस्वी केली आहे, आणि आपल्याजवळ ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशच्या पैदाशीचे काम झाले आहे. टाकीत जन्मलेली पिल्ले गोळ्या खायला शिकलेली असतात, आणि नवशिक्याची निम्मी चिंता तिथेच संपते.

एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण या निवडीचा पाया तोच आहे : आपल्या टाकीचे तापमान मे महिन्यात किती असते? प्रवाळखडकांवरच्या बहुतेक जीवांना २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते, कारण पंप आणि दिवे त्यात आपली भर घालतात. पाण्यावर लावलेला लहान पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो, पण पावसाळ्यात हवाच ओलसर असल्यामुळे त्याचा जोर ओसरतो. शक्य असेल तर पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घ्यावा. त्याचा खर्च मोठा आहे हे मान्य, पण दर उन्हाळ्यात मासे बदलण्यापेक्षा तो योग्य आहे. चिलर घेणे शक्य नसेल तर जीव कमी ठेवावेत, कारण पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. पंखा वापरला तर बाष्पीभवनाने गेलेल्या पाण्याची भरपाई रोज आरओच्या गोड्या पाण्यानेच करावी. पाणी उडते, मीठ उडत नाही. १०० लिटरमधून रोज दोन लिटर गेले आणि तीन दिवस कोणी पाहिले नाही, तर दर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले मीठ ३७ ग्रॅमच्या पुढे जाते. मासे ते एकवेळ सोसतील, कोळंबी सोसणार नाही.

प्रश्न : माझ्या टाकीत क्लाउनफिश चांगले रुळले आहेत. आता प्रवाळ ठेवायचे आहेत. एका विक्रेत्याने लाइव्ह रॉक आणि कठीण प्रवाळांचे लहान तुकडे देऊ केले. ते टाकीत वाढवलेले असल्यामुळे कायद्याची अडचण नाही, असे तो म्हणतो. नवशिक्याने कोणते प्रवाळ घ्यावेत? – एक वाचक, कांदिवली

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे स्वीकारू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सर्व समुद्रपंखे यांची नावे आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच या जीवांना आहे. नोंद सर्व कठीण प्रवाळांची आहे. टाकीत वाढवलेला तुकडा त्यातून वगळलेला नाही. परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांवर शिवाय साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या करारातील जीव बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले आहे. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा दगड हा बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून तोही नाकारावा. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून तयार केलेले दगड घेऊन, सिमेंटचे असतील तर काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून आणि पाणी बदलत राहून, मग टाकीत ठेवावेत. सहा महिन्यांत त्यांच्यावर जीवसृष्टी धरते आणि फरक ओळखू येत नाही.

हे सगळे केवळ कागदावरचे आहे असे कोणी समजू नये. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरही कठीण प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याचे काम सुरू असताना वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये वनविभागाच्या परवानगीने कुलाब्याकडे हलवाव्या लागल्या, त्या याच कायद्यामुळे. ज्या शहराने सांडपाणी, गाळ आणि भराव सोसूनही हे जीव टिकवून धरले आहेत, त्या शहरातल्या छंदिष्टांनी तरी त्यांच्या व्यापाराला गिऱ्हाईक होऊ नये, असे मला वाटते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथून तर दगडाचा कपचाही उचलता येत नाही.

नवशिक्यासाठी सुदैवाने चांगली बातमी अशी की त्याच्या टाकीत सर्वांत छान वाढणारे जीव कायद्यातील वर सांगितलेल्या पाच गटांत येत नाहीत. मश्रूम, झोआंथिड आणि लेदर हे मृदू, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले, तीन प्रकार पुरेसे आहेत. घेताना बिल मागावे, जीव कुठून आला ते लिहून घ्यावे, आणि नावाबद्दल शंका असेल तर घेऊ नये. दुकानांत समुद्रपंख्याला आणि कठीण प्रवाळालाही मृदू प्रवाळ म्हणून विकले जाते.

मश्रूमपासून सुरुवात करावी. त्याला मंद प्रकाश आणि मंद प्रवाह पुरतो, म्हणून तो टाकीच्या तळाशी ठेवावा. पाण्यात थोडे नायट्रेट असले तर तो अधिक खुलतो. पाणी अतिशय निर्मळ करण्याच्या नादात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणणाऱ्यांच्या टाक्यांत मृदू प्रवाळ आक्रसतात आणि तपकिरी चिकट थर माजतो. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम ठेवावे. लेदर प्रवाळ टाकीच्या मधल्या उंचीवर, चांगल्या प्रवाहात ठेवावा. तो अधूनमधून चार-आठ दिवस मिटून बसतो, त्याच्या अंगावर मेणासारखी चमक येते आणि मग ती साल सुटून जाते. नवीन पाळणाऱ्याला तो मेला असे वाटते आणि तो टाकून दिला जातो; तसे करू नये, थांबावे. लेदर पाण्यात काही रसायने सोडतो आणि त्यांनी शेजारचे जीव दबतात, म्हणून गाळणीत सक्रिय कोळसा ठेवून तो दरमहा बदलावा.

झोआंथिडबाबत एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. रंगांची इतकी विविधता दुसऱ्या कोणत्या सोप्या प्रवाळात नाही, पण त्यांच्यातील, विशेषतः पॅलिथोआ या गटातील, काही जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, तुकडा घरी कापू नये. आणि झोआंथिड लागलेला दगड साफ करण्यासाठी उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नये. त्या वाफेने घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. घरात लहान मूल असेल तर मी झोआंथिड ठेवणार नाही. मश्रूम आणि लेदर ठेवीन.

झेनिया हा डोलणारा प्रवाळ अनेकांना आवडतो. तो तणासारखा पसरतो, म्हणून वाळूत वेगळ्या ठेवलेल्या एकट्या दगडावरच त्याला जागा द्यावी.

प्रश्न : माझ्या टाकीच्या काचेवर हिरवे आणि दगडांवर तपकिरी शेवाळ आले आहे. शंख आणि कोळंबी ठेवावी असे वाचले. गिरगावच्या खडकांवर भरपूर छोटे शंख दिसतात. ते आणले तर चालतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : किनाऱ्यावरचे शंख आणू नयेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव तासन्‌तास पाण्याबाहेर राहायला सरावलेले असतात आणि सतत बुडालेल्या टाकीत बहुधा काचेवरून वर चढून बाहेर पडतात; शिवाय त्यांच्याबरोबर परजीवी आणि आपल्या किनाऱ्याची घाण येते. काही शंखांच्या जाती कायद्याने संरक्षितही आहेत, आणि त्या ओळखणे सामान्य माणसाला जमत नाही.

दुकानातून सेरिथ जातीचे पाच-सहा आणि नॅसेरियस जातीचे तीन-चार शंख पुरेत. सेरिथ काच, दगड आणि वाळू तिन्हींवर चरतो. नॅसेरियस दिवसा वाळूत दडून राहतो आणि खाद्याचा वास आला की सोंड वर काढून बाहेर येतो. हर्मिट क्रॅब दोनच ठेवावेत आणि त्यांच्यासाठी मोठे होत जाणारे रिकामे शंख टाकीत ठेवावेत. नाहीतर ते जिवंत शंखाला मारून त्याचे घर घेतात. दुकानदार प्रत्येक काही लिटरमागे एक जीव असा हिशेब सांगतात, तो ऐकू नये, कारण शेवाळ संपले की ते सगळे उपाशी मरतात आणि कुजून पुन्हा शेवाळच वाढवतात. तारामासे याच कारणाने घेऊ नयेत. समुद्रकाकडी तर पहिल्या अनुसूचीतच आहे.

क्लीनर कोळंबी जरूर घ्यावी. ती माशांच्या अंगावर चढून त्यांची सफाई करते, आणि हात टाकीत घातला तर आपल्या नखांचीही करते. तिला नव्या पाण्यात सोडताना तासभर थेंबाथेंबाने पाणी मिसळावे. काही दिवसांनी तळाशी तिचे संपूर्ण रिकामे कवच दिसेल. ती कात आहे, कोळंबी दगडामागे लपलेली असते. आणि टाकीत तांबे असलेले कोणतेही औषध कधीही घालू नये, कारण माशांना बरे करणारी मात्रा कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना मारते. म्हणूनच नवीन मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी चार आठवडे चाळीसेक लिटरच्या वेगळ्या टाकीत, साध्या स्पंज फिल्टरवर ठेवावा. औषध द्यायची वेळ आली तर ते तिथे देता येते. तपकिरी थर नव्या टाकीत येतो आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतो.

प्रश्न : टाकी लवकर तयार व्हावी म्हणून विक्रेत्याने मला आधी तीन निळे डॅमसेल मासे दिले होते. टाकी तयार झाली, पण आता ते नव्या क्लाउनफिशला चावून हैराण करतात. काय करावे? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : डॅमसेल काढावेत. ते स्वस्त असतात, अमोनिया सोसतात, म्हणून टाकी तयार करायला देण्याची जुनी पद्धत आहे. ती माशांवर अन्याय करणारी आहे आणि अनावश्यकही, कारण बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक तुकडा टाकीत कुजू दिला तरी जीवाणूंना हवा तो अमोनिया मिळतो. डॅमसेल आपला प्रदेश ठरवतात आणि तो सोडत नाहीत. आपल्याकडचे जसजसे मोठे होतील तसतसे अधिक आक्रमक होतील.

जाळीने ते हाती लागणार नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून ते उलटे आत बसवावे, आत खाद्य ठेवावे, आणि मासे एक दिवस उपाशी ठेवून बाटली टाकीत आडवी ठेवावी. धीट मासे आधी आत जातात, आणि धीट तेच आपल्याला काढायचे आहेत. मधल्या काळात क्लाउनफिश जाळीच्या पेटीत ठेवावेत. डॅमसेल काढल्यावर दगडांची रचनाही थोडी बदलावी. पकडलेले मासे दुकानात परत द्यावेत किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्यावेत. ते समुद्रात सोडू नयेत. टाकीतील रोग आणि परकी जात दोन्ही त्यामुळे समुद्रात जातात.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे समुद्रघोड्यांची जोडी आहे. लहान टाकीला ती योग्य ठरेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातील पाइपफिश भारतात पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची विक्री आणि खरेदी दोन्ही गुन्हा आहे. दुकानात ते विकताना दिसले तर वनविभागाला कळवावे.

प्रश्न : गणपतीत आम्ही सगळे आठ-दहा दिवस कोकणात गावी जातो. टाकीतील जीव निवडताना ही गोष्ट विचारात घ्यावी का, आणि घ्यावी तर कशी? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : जरूर घ्यावी, आणि मासा घेण्यापूर्वीच घ्यावी. दिवसातून अनेक वेळा खाद्य लागणारे अँथियास, किंवा केवळ जिवंत खाद्य खाणारे मासे आपल्यासाठी नाहीत. गोळ्या खाणारे क्लाउनफिश, गोबी आणि बांगाई कार्डिनल यांना स्वयंचलित खाद्ययंत्र चालते. बांगाई कार्डिनल हा मासा मुळात इंडोनेशियाच्या बांगाई बेटांपुरताच आढळतो आणि तेथे तो धोक्यात आलेला आहे, म्हणून टाकीत पैदास झालेलाच घ्यावा. आपण घरी असताना नराने तोंडात अंडी सांभाळलेली पाहायला मिळाली तर तो आनंद वेगळाच.

मृदू प्रवाळांना तेवढे दिवस वेगळे खाद्य लागत नाही, त्यांना दिवे वेळेवर लागणे पुरेसे आहे. दिव्यांना टायमर लावावा. खाद्ययंत्र निघण्याच्या आठवडाभर आधी घरी लावून पाहावे, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत गोळ्या चिकटतात आणि यंत्र एकाच वेळी सगळे सोडते. शेजाऱ्यांवर काम सोपवणार असाल तर डबा देऊ नये, दर दिवसाची चिमूटभर पुडी बांधून द्यावी. प्रेमाने जास्त घातलेले खाद्य उपासापेक्षा घातक असते, आणि निरोगी प्रौढ मासे तीन-चार दिवस खाद्याविना सहज राहतात. गोड्या पाण्याची भरपाई करणारे यंत्र असेल तर त्याच्या टाकीत गरजेपुरतेच पाणी ठेवावे, म्हणजे तरंगणारी कळ अडकली तरी टाकी गोडी होणार नाही. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप लावावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली होती. पाण्यातील हालचाल थांबली की माशांसाठी एवढा वेळही धोक्याचा ठरू शकतो. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून टाकीत कोणताही नवीन जीव आणू नये, आणि शेवटचे पाणी निघण्याच्या आदल्या दिवशी न बदलता तीन दिवस आधी बदलावे, म्हणजे काही बिघडले तर ते आपल्यासमोर बिघडेल.